‘मन’ नावाचे पाच परके

श्रीनिवासरावांचा कशावरच विश्वास नाही, हे मला त्यांच्याकडे कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी कळलं. चहावाल्यानं टेबलावर ग्लास ठेवला तसा त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "कालचं दूध." चहावाला हसला नाही, चिडलाही नाही. तो वीस वर्षं हेच ऐकत होता. मग त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "रत्नमाला हे नाव घरचं, की शाळेत घातलेलं?" मी म्हटलं, दोन्हीकडे एकच आहे. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं असावं असं काही वाटलं नाही.

अदालत रोडच्या मागच्या गल्लीत त्यांची खोली होती. दाराबाहेर पाटी: ‘निजामकाळातील उर्दू, फारसी व मोडी कागदपत्रांचे भाषांतर’. तिच्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली दुसरी पाटी होती: ‘कागद वाचून होईपर्यंत पक्षकाराने बोलू नये’. आत एक टेबल, दोन कपाटं, भिंग, आणि कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर. ते वहीत शाईनं भाषांतर लिहायचे, मी टाइप करायची, ते सही-शिक्का मारायचे. माझं माहेर सोयगावकडचं, धनगराचं. मी बारावी आणि टायपिंग करून शहरात आले आणि दोन हजार तीन साली या माणसाच्या हाती सापडले.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते चहूकडून पसरत होतं. वाळूज भरलं, शेंद्र्याला कारखाने आले, मग बिडकीनकडच्या माळावर हद्दीचे दगड रोवले जाऊ लागले. जमिनीची विचारपूस वाढली तसे लोकांच्या पेट्यांतून जुने कागद बाहेर पडू लागले. त्यांतले काही खरे होते. काही मात्र मागच्या महिन्यात लिहून, चहाच्या पाण्यात बुडवून, गच्चीवर वाळवलेले असत. श्रीनिवासराव आधी कागदाचा वास घ्यायचे, मग घडीची रेघ बघायचे, मग शाई. अक्षरांकडे वळायला त्यांना अर्धा तास लागायचा. तोवर पक्षकार बिचारा स्टुलावर ओठ मिटून बसलेला. कुणी खाकरलं तरी यांचा हात वर जायचा.

मला सुरुवातीला वाटलं, म्हातारा तिरसट आहे. नंतर कळलं की त्या तिरसटपणाचं मूळ एका शब्दात आहे.

बहात्तरच्या दुष्काळात ते चोवीस वर्षांचे होते आणि एका कचेरीत नक्कलनवीस म्हणून नुकतेच चिकटले होते. घराण्यात कारकुनी पिढीजात, पण उर्दू हे तिथल्या वजाहत मुन्शींच्या हाताखाली शिकले. एक दिवस मुन्शी नमाजाला गेलेले असताना एक शेतकरी आपला दस्त घेऊन आला. तो यांच्या खांद्याशी वाकून सारखा सांगत होता, "साहेब, चुलत्यानं मनापासून लिहून दिलंय, मनापासून." कागदाचा पहिला शब्द होता ‘मनकि’. यांनी ‘मन’ वाचलं, कानात त्या माणसाचं ‘मनापासून’ होतंच, आणि पहिली ओळ लिहून टाकली: ‘मनापासून लिहून देतो की’.

मुन्शी परत आले, त्यांनी ते वाचलं आणि कागद हळूच बाजूला ओढला. फारसी दस्त या शब्दानंच सुरू होतात. त्यातल्या ‘मन’चा अर्थ ‘मी’. ‘मी, की ज्याचं नाव अमुक.’ चुलत्यानं राजीखुशीनं दिलं का कुणी दटावून घेतलं, यावर त्या कागदात अक्षर नव्हतं, आणि भांडण नेमकं त्यावरच चालू होतं. मुन्शी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मियाँ, सूरत मिली बोलके रिश्तेदार नक्को समझो."

हा प्रसंग त्यांनी मला निदान तीस वेळा सांगितला असेल, आणि दर वेळी त्यांचे कान लाल व्हायचे. चूक पकडली गेली, कुणाचं काही बिघडलं नाही, तरी हा माणूस त्या शरमेतून चाळीस वर्षांत बाहेर आला नाही. त्यातून त्यांनी दोन गोष्टी काढल्या. एक, ती पाटी: पक्षकार बोलला की कागदात त्याचंच दिसायला लागतं, म्हणून त्यानं बोलायचंच नाही. आणि दुसरी, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा.

त्या डब्यात ‘मन’ होतं. म्हणजे चिठ्ठ्या होत्या, शेकडो, आणि सगळ्या त्या एका शब्दावर. आपलं मराठी मन, जे लागतं, उडतं, खातं, ते संस्कृतातून आलेलं. फारसीतलं ‘मन’ म्हणजे मी. अरबीतलं ‘मन’ म्हणजे कोण. ते त्यांना एका मौलवींनी सांगितलं, तरी त्यांनी दुसऱ्या मौलवींना विचारून खात्री केलीच. वजनाचं ‘मन’, आपण ज्याला ण लावून मण म्हणतो, पण उर्दू कागदात ते साध्या ‘न’नंच लिहितात, ते म्हणे व्यापाऱ्यांच्या तागडीबरोबर बाबिलोनच्या बाजूनं आलं. आणि पाचवं तेलुगू. सिडकोची घरं उठत होती तेव्हा तिथल्या तेलुगू गवंड्यानं आपल्या पोराला दाखवून म्हटलं होतं, ‘मन इल्लु’. आपलं घर. तेलुगूत ‘आमचं’ वेगळं आणि ‘आपलं’ वेगळं, मराठीसारखंच. हे ‘मन’ म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून ‘आपलं’. श्रीनिवासराव घराची चौकशी करायला गेले होते. घराचं राहिलं आणि ते तो शब्द खिशात घालून परतले.

"पाच जण आहेत," ते मला म्हणायचे. "चेहरा एक, नाव एक, कुणी कुणाचा कुणी नाही. फारसीतल्या ‘मन’ला आपल्याकडे एक चुलतभाऊ आहे, पण तो ‘मन’ नव्हे, ‘मम’. तोंडावळा वेगळा, रक्त एक. आणि लोक काय बघतात? तोंडावळा." इंग्रजीतला ‘मॅन’ त्यांनी ‘संशयित’ लिहिलेल्या पाकिटात ठेवला होता, त्याचं नातं ‘मनु’शी आहे का यावर त्यांचा निकाल अजून लागायचा होता. तमिळमधलं मातीचं ‘मण्’ त्यांनी ‘बाद’ पाकिटात घातलं, कारण त्यात ण आहे. शब्दावर एवढा वहीम घेणारा माणूस माणसांवर किती घेत असेल, ते सांगायला नको. त्यांच्या पत्नी अंबिकाकाकू म्हणायच्या, "अंतरपाट धरलेला असताना यांनी माझ्या मामाला विचारलं होतं, हीच का ती, दाखवलेली?"

मीही काही साधी नव्हते. त्यांच्या खोलीत राहून माझीही नजर तशीच झाली होती. एकदा आमच्याकडचा एक मेंढपाळ कागद घेऊन आला. मी त्याला माठातलं पाणी दिलं आणि आमच्या बोलीत दोन शब्द बोलले. तो गेल्यावर श्रीनिवासरावांनी मान वर न करता विचारलं, "ओळखीचे?" मी नाही म्हटलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि लिहीत राहिले. तो प्रश्न मला टोचला. हा माणूस समजतोय की मी माझ्या जातीच्या पक्षकाराचं काम सोपं करते, टाइप करताना एखादा शब्द इकडचा तिकडे करते. त्या दिवसापासून आमच्यातलं कुणी आलं की मी कॉम्प्युटरमधून डोकं वर काढेनाशी झाले.

दोन हजार तेराच्या मार्चमध्ये बानाबाई आली.

त्या वर्षी नाथसागर धरण तळाला गेलं होतं. शहरात नळाला पाणी चार-चार दिवसांनी यायचं आणि गल्लीत टँकर आला की भांडणं व्हायची. बानाबाई बिडकीनच्या पुढच्या माळावरची, पन्नाशीची, उन्हानं वाळलेली बाई. नवरा बिरू मेंढरांमागं थांबलेला, म्हणून ही आली होती. तिचं म्हणणं काय होतं ते मला आठ दिवसांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, कारण ते तेव्हा तिथं कुणी ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं. त्या माळावर एक जुनी विहीर होती. सगळ्या शिवारातलं पाणी आटलं तरी तिला दोन पुरुष खोल पाणी होतं. बिरूच्या आज्याच्या वेळेपासून त्यांची मेंढरं उन्हाळ्यात तिथं पीत आली होती. आता ती जमीन एका प्लॉटिंगवाल्यानं घेतली आणि भिंत घालायला काढली. बिरूनं हरकत घेतली. तालुक्याच्या कचेरीतून नोटीस आली: पाण्यावर हक्क असेल तर पुरावा घेऊन सोमवारी, अठरा तारखेला या. पुरावा म्हणजे पेटीतला तो एक उर्दू कागद. घरात तो कुणाला वाचता येत नव्हता. साठ मेंढरांचं पाणी त्या कागदात होतं.

बुधवार होता, तेरा तारीख. गावातल्या कुणी तरी तिला शिकवून पाठवलं होतं की तो म्हातारा फार कडक आहे, तोंड उघडलंस तर कागद फेकून देईल, पण त्यानं खरा म्हटला की कचेरीत कुणी खोटा म्हणत नाही. त्यामुळे ती आली ती हात जोडूनच. कागद टेबलावर ठेवला. मग कमरेच्या पिशवीतून दुसरा कागद काढला आणि तो पुढं केला.

श्रीनिवासरावांचा हात वर गेला. "एका वेळी एकच कागद. दुसरा मी बघत नसतो."

हाही त्यांचा नियमच होता. लोक जुन्या कागदाबरोबर कुठून तरी करून आणलेलं भाषांतर घेऊन येत आणि ‘असंच लिहा’ म्हणत. यांना वाटलं, तसंच काही असेल. तिनं तोंड उघडलं. "साहेब, पर हे…"

"बाई, पाटी वाचता येत नसेल तर मी सांगतो. मी वाचेपर्यंत एक शब्द नाही. बोललात तर हा कागद आत्ता परत."

तिनं ओठ मिटले. दुसरा कागद हातातच राहिला. ती तो घडी करायला वळली, तेव्हा तो माझ्या बाजूला उघडा झाला. हातभर अंतर होतं. कचेरीचा शिक्का दिसला, ‘सुनावणी’ दिसलं, आणि शाईपेनानं भरलेली तारीख दिसली: १८. मी ती वाचली. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, स्वच्छ वाचली.

मी बोलले नाही. बाईच्या लुगड्यावरून, बोलण्याच्या हेलावरून ती आमच्यातली आहे हे उघड होतं, आणि मी बोलले असते तर श्रीनिवासरावांनी मान वर न करता विचारलं असतं, ओळखीची? तो प्रश्न मला पुन्हा ऐकायचा नव्हता. शिवाय मनात हेही आलं की ही बाई असा शिक्क्याचा कागद मुद्दाम दाखवते आहे, घाई करून आपल्याला हवं ते काढून घ्यायला. रोज असेच लोक बघत होते मी. मी खाली बघितलं आणि टाइप करत राहिले.

"पुढच्या गुरुवारी या," श्रीनिवासराव म्हणाले. "मधे येऊ नका. आलात तरी मी सांगणार नाही."

ती गेल्यावर त्यांनी कागदाचा वास घेतला, भिंग काढलं, आणि दहा मिनिटांत मला हाक मारली. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "रत्नमालाबाई, इकडे या. हे बघा. ‘मनकि’, म्हणजे मी. ठीक, ते सगळीकडे असतं. आणि हे खाली बघा: ‘दो मन जवार’. फारसी ‘मन’ आणि वजनाचं ‘मन’, एका कागदात, एका हातचे. चाळीस वर्षांत मला दोघं एकत्र सापडले नव्हते."

कागद फसली तेराशे तीसचा होता, म्हणजे एकोणीसशे वीसच्या आसपासचा, तोही दुष्काळाचाच काळ. माळाच्या मालकानं लिहून दिलं होतं की धनगरानं दर उन्हाळ्यात माझ्या वावरात मेंढरं बसवावी, लेंडीखत माझं. त्याबद्दल मी त्याला दोन मण ज्वारी देईन, आणि माझ्या विहिरीवर त्याची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या पाणी पितील. मेंढरं बसवणं आमच्याकडे आजही चालतं. मजकूर सरळ होता. कुणी सांगितलं असतं तर दुपारीच भाषांतर हातात देता आलं असतं.

पण त्यांना संशय आला. ‘दो मन’ची शाई बाकीच्या ओळीपेक्षा काळी होती. कुणी नंतर घातलं? घातलं तर का? की सगळा कागदच नवा आहे आणि कुणा हुशार माणसानं माझ्यासाठीच हे दोन शब्द त्यात पेरले आहेत? त्यांना खरंच असं वाटलं. आपल्या डब्याची कुणकुण शहरात कुणाला तरी लागली आहे आणि कुणी तरी गळ टाकलाय, असं हा माणूस मला गंभीरपणे म्हणाला. मी हसले नाही. मलाही थोडं खरं वाटलं.

त्यांच्याकडे जुन्या लेखनिकांच्या अक्षरांचे नमुने होते, बटरपेपरवर उतरवून घेतलेले, सात फायली. ते एकेक नमुना त्या कागदावर ठेवून खिडकीशी धरू लागले. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. बाकीची कामं थांबली. ते खुशीत होते, गुणगुणतसुद्धा होते. संशय घेताना एवढा सुखी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शनिवारी दुपारी बानाबाई दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी राहिली. हातात तीच पिशवी. श्रीनिवासराव पाठमोरे, खिडकीशी. तिनं माझ्याकडे बघितलं. मी उठून दाराशी गेले आणि म्हणाले, "गुरुवारी यायला सांगितलंय ना? गुरुवारी या." शब्द माझे होते, आवाज त्यांचा होता. ती पायरीशी थोडा वेळ बसली आणि उठून गेली. सोमवारी अठरा तारीख आहे हे मला त्या वेळीही ठाऊक होतं.

सोमवारी मी टाइप करताना तीनदा चुकले. श्रीनिवासरावांना त्या दिवशी लेखनिक सापडला. सहाव्या फायलीत त्याचंच अक्षर होतं, त्याच सालचं. काळ्या शाईचंही उलगडलं: तो लेखनिक मजकूर आधी लिहून ठेवायचा, आणि धान्याचा आकडा पंचांसमोर ठरला की मागाहून भरायचा. त्याच्या तिन्ही नमुन्यांत आकडे असेच काळे होते. "खरा आहे," ते म्हणाले. "सोळा आणे खरा." त्यांनी रात्री घरी नेऊन भाषांतर लिहिलं, मी मंगळवारी टाइप केलं, आणि त्यांनी खाली स्वतःहून दोन परिच्छेदांचा दाखला जोडला की हा कागद का अस्सल आहे. असा दाखला ते वर्षातून एखाद्यालाच देत.

गुरुवारी बानाबाई आली. त्यांनी उभं राहून भाषांतर तिच्या हातात दिलं. "तुमचा कागद खरा आहे, बाई. पाण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा लिहिलाय. कुणाच्या बापाला नाकारता यायचा नाही. बोला आता, काय बोलायचंय?"

ती म्हणाली, "सोमवारी तारीख व्हती, साहेब."

"कसली?"

तिनं पिशवीतून नोटीस काढली आणि टेबलावर ठेवली. "मी गेलते. कागद इचारला. म्हणलं, वाचाया दिलाय. त्ये म्हणले, बिनकागदाचं आमी काय लिवावं? समोरच्यानं त्येचे कागद दिले. मंगळवारी तारकुंपान घातलं, काल भिंतीला सुरवात झाली." मग ती म्हणाली, "तुमी बोलू नगं म्हणलं व्हतं. मी बोलले न्हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. श्रीनिवासरावांनी नोटीस उचलली, वाचली, पुन्हा वाचली. मग खाली बसले. त्यांचे कान लाल झाले नाहीत. चेहराच पांढरा पडला.

त्यानंतर त्यांनी काय केलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना नुसता सनकी म्हातारा समजाल. ते त्याच दुपारी तालुक्याला गेले. ओळखीच्या वकिलाला धरून, बिरूचा अंगठा मागवून अपील केलं; पुढं तारखांना ती दोघं आलीच नाहीत. पासष्ट वर्षांचा, उन्हात डोकं धरून बसणारा माणूस पंधरा महिने एसटीनं तारखांना जात होता. तिथला कारकून यांना म्हणे विचारायचा, तुम्ही पक्षकाराचे कोण? हे म्हणायचे, मी भाषांतरकार. कारकून संशयानं बघायचा. भाषांतरकार कधी तारखेला येतो का? दारावरची दुसरी पाटी त्यांनी काढून कपाटामागे ठेवली. आता ते पक्षकाराला आधी बोलायला लावत, आणि त्याचं बोलणं ऐकताना त्यांचे हात टेबलाखाली गच्च धरलेले असत. डबा त्यांनी उघडला नाही. पाचांपैकी दोघं ज्या कागदात भेटले त्याची चिठ्ठी त्यांनी केलीच नाही.

दोन हजार चौदाच्या जुलैत निकाल लागला. हक्क मान्य. विहिरीपर्यंत वाट सोडावी, मेंढरांना पाण्याची आडकाठी करू नये. आदेशाची नक्कल घेऊन ते म्हणाले, "रत्नमालाबाई, तुम्हीही चला. मला एकट्याला नाही जमायचं."

आम्ही बिडकीनला उतरून रिक्षानं माळावर गेलो. भिंत पूर्ण झाली होती, आत मुरमाचे रस्ते पाडले होते. फाटकाशी पत्र्याची खोली होती आणि तिच्यापुढे खाकी शर्टातला एक म्हातारा खुर्चीवर बसला होता. नाव विचारलं तर तो बिरूच निघाला. तो आता तिथंच वॉचमन होता. बानाबाई खोलीतून बाहेर आली. तिनं आम्हाला ओळखलं, घोंगडी अंथरली, चहा टाकला. श्रीनिवासरावांनी आदेश वाचून दाखवला, सबंध, एकही शब्द न गाळता. दोघं नवरा-बायको मान खाली घालून ऐकत होते.

वाचून झाल्यावर बानाबाई म्हणाली, "लई झालं साहेब. एवढं कुणी करत नाय." मग आत जाऊन तिनं जुना उर्दू कागद आणला, आदेशाच्या नकलेवर ठेवला आणि दोन्ही त्यांच्यापुढं सरकवले. "ह्ये तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आमच्यात वाचनारं कुणी नाय. अन्‌ आता पिनारं बी कुणी ऱ्हायलं नाय."

वीस मेंढरं त्याच उन्हाळ्यात गेली होती, कारखान्याच्या टँकरनं ओहोळात ओतलेलं पाणी पिऊन. बाकीची त्यांनी बाजारात नेली. आम्ही निघालो तेव्हा बिरू उठला आणि त्यानं फाटक उघडून धरलं, सगळ्यांसाठी उघडतो तसंच.

परतीच्या एसटीत आम्ही एका बाकावर बसलो होतो. श्रीनिवासराव खिडकीकडे. ते म्हणाले, "माझ्यामुळं झालं. एकट्या माझ्यामुळं." हे ते पंधरा महिने म्हणत होते आणि मी पंधरा महिने गप्प बसून ऐकत होते. माझ्याच्यानं त्या दिवशी राहवलं नाही.

"सर, ती नोटीस मी वाचली होती," मी म्हटलं. "त्याच बुधवारी. तारीख मला दिसली होती. शनिवारी ती आली तेव्हाही मला माहीत होतं."

ते वळले नाहीत. नक्षत्रवाडीच्या पुढं आल्यावर त्यांनी विचारलं, "का नाही बोललात?"

"तुम्ही म्हणाला असतात, ओळखीची का. माझ्यावर संशय घेतला असतात. मागं एकदा घेतला होता, तो मेंढपाळ आला तेव्हा."

त्यांना आठवायला वेळ लागला. मग म्हणाले, "तेव्हा? जेवायची वेळ झाली होती. ओळखीचे असतील तर घरी जेवायला घेऊन जाऊ म्हणणार होतो." आणि मग, "तुमच्यावर मी कधी संशय घेतला नाही, रत्नमालाबाई." ते रागानं म्हणाले नाहीत. नुसतं सांगितलं. मी स्टँड येईपर्यंत समोरच्या बाकाच्या दांडीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते दहाला आले, रोजच्यासारखे. चहाचा ग्लास उजेडात धरला. मी आदल्या आठवड्यातलं एक भाषांतर टाइप करून त्यांच्यापुढं ठेवलं. अकरा वर्षांत मी ठेवलेलं पान त्यांनी कधी वाचून पाहिलं नव्हतं. न बघता खाली सही करायचे. डोळे थकलेत, असं मी समजत होते. त्या दिवशी त्यांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. चष्मा पुसला. स्वतःची हस्तलिखित वही शेजारी ओढली आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवून माझं पान ताडून बघायला लागले. एक शब्द वहीतला, एक माझा. मी समोर उभी होते. चूक एकही निघाली नाही. मग त्यांनी सही केली.